कुत्रीचे बाळंतपण आणि नवजात पिल्लांची काळजी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाद्रपदात माजावर आलेल्या कुत्र्या कार्तिक-मार्गशीर्षात वितात, म्हणजे नेमक्या थंडीच्या तोंडावर. दरवर्षी त्या सुमारास ओळखीपाळखीच्या घरांतून रात्री-अपरात्री तेच ते प्रश्न विचारले जातात. बहुतेक कुत्र्या कोणाच्याही मदतीशिवाय सुखरूप वितात. माणसाचे काम मुख्यत्वे शेजारी बसून राहण्याचे, वेळा टिपून ठेवण्याचे आणि वाट पाहणे कोठे थांबवायचे हे ओळखण्याचे असते. पुढील उत्तरे त्या दृष्टीने लिहिली आहेत. ती पशुवैद्याची जागा घेण्यासाठी नाहीत.

कुत्री किती दिवस गाभण राहते?

साधारणपणे ६३ दिवस. मात्र मिलनाच्या तारखेपासून मोजल्यास ५८ ते ६८ दिवसांपर्यंत कोणताही दिवस उजाडू शकतो, कारण मिलन ज्या दिवशी झाले त्याच दिवशी गर्भधारणा झाली असे नसते. एकापेक्षा अधिक वेळा मिलन झाले असल्यास पहिली आणि शेवटची, अशा दोन्ही तारखा लिहून ठेवाव्यात आणि ५७व्या दिवसापासून कुत्रीला घरात एकटे ठेवू नये.

डॉक्टरांकडे आधी नेण्याची खरोखर गरज असते का?

असते, आणि दोनदा तरी. पहिली फेरी २५ ते ३० दिवसांच्या दरम्यान असावी. या वेळी सोनोग्राफीत गर्भ आणि त्यांची हृदये दिसतात, त्यामुळे कुत्री खरोखरच गाभण आहे की खोटी लक्षणे दाखवत आहे हे कळते. दुसरी फेरी ५५व्या दिवसानंतर असावी. तोपर्यंत पिल्लांच्या हाडांत चुना भरलेला असतो, त्यामुळे एका एक्स-रेमध्ये पिल्ले मोजता येतात. अनेकांना हा खर्च अनाठायी वाटतो. माझ्या मते गाभणपणातील सर्वांत उपयोगाचा खर्च हाच आहे, कारण पोटात सहा पिल्ले आहेत हे ठाऊक असेल तरच पाचव्या पिल्लानंतर शांत झोपलेल्या कुत्रीचे बाळंतपण संपलेले नाही हे आपल्याला कळते.

पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या तोंडाच्या आणि मोठ्या डोक्याच्या जातींच्या बाबतीत शस्त्रक्रियेची तयारी आधीच ठरवून ठेवावी लागते. बुलडॉग कुत्र्यांची बाळंतपणे तर बहुतांशी शस्त्रक्रियेनेच होतात. आपल्या गावठी कुत्र्यांना असा त्रास क्वचित होतो. दुसऱ्या फेरीच्या वेळीच रात्री कोण दार उघडेल, हेही विचारून घ्यावे. मुंबईत परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या परिसरातील रुग्णालय अनेकांना माहीत असते. नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ आणि अकोला येथेही पशुवैद्यकीय शिक्षणसंस्था आहेत. गावाकडे पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा क्रमांक आहे. तेथून रात्री कुत्रीसाठी मदत मिळते का, हे आधीच फोन करून विचारावे, ऐन वेळी नव्हे.

गाभण कुत्रीला काय खायला द्यावे? डिंकाचे लाडू चालतात का?

पहिले चार आठवडे नेहमीचेच जेवण पुरते. पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून थोडे थोडे वाढवत नेऊन शेवटी नेहमीच्या सव्वा ते दीडपट द्यावे, परंतु पोटात जागा कमी असल्याने ते दिवसातून तीन-चार वेळा विभागून द्यावे. केवळ दूध-पोळी किंवा दूध-भाकरीवर राहणाऱ्या कुत्रीला प्रथिने अपुरी पडतात. तिला उकडलेली अंडी, बिनमसाल्याचे चिकन किंवा पिल्लांसाठी मिळणारा तयार आहार यांची जोड द्यावी.

डिंकाचे लाडू, अळीव, शेपा हे बाळंतिणीचे खाणे प्रेमापोटी कुत्रीपुढे ठेवले जाते, परंतु ते देऊ नये. लाडवांत मनुका किंवा बेदाणे असतील तर ते कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना घातक ठरतात. कांदा-लसूण घातलेला रस्साही तितकाच वर्ज्य आहे.

कॅल्शियमच्या गोळ्या हा याहून मोठा गैरसमज आहे. गाभणपणात डॉक्टरांनी न सांगता वरून कॅल्शियम दिल्यास शरीराची स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढण्याची व्यवस्था सुस्तावते, आणि व्यायल्यानंतर दूध वाहू लागले की रक्तातील कॅल्शियम एकाएकी घसरते. जे टाळण्यासाठी गोळी दिली, तेच त्या गोळीमुळे ओढवते.

विण्याची जागा कशी तयार करावी?

घराचा शांत, कोरडा, वाऱ्याच्या झोताबाहेरचा कोपरा निवडावा आणि कुत्रीला किमान दहा दिवस आधीपासून तेथे झोपण्याची सवय लावावी. फळीचा किंवा जाड पुठ्ठ्याचा खोका इतका मोठा असावा की कुत्रीला चारही पाय लांब करून आडवे होता येईल. तिन्ही बाजू उंच आणि चौथी इतकी बुटकी ठेवावी, की आईला ओलांडता येईल पण पिल्लाला येणार नाही. आतल्या भिंतींना जमिनीपासून चार बोटे उंचीवर आणि भिंतीपासून चार बोटे पुढे एक पट्टी किंवा पाइप ठोकून घेतल्यास आई टेकून बसताना मागे सापडलेले पिल्लू चिरडत नाही.

अंथरायला खाली वर्तमानपत्रांचे थर आणि वर धुतलेले सुती कापड वापरावे. जुनी गोधडी मऊ असते म्हणून सुचते खरी, परंतु तिच्या सुटलेल्या टाक्यांत पिल्लांची नखे आणि कधी कधी मान अडकते. गोणपाटात पिसवा आणि गोचिडे राहतात. दिवाळी तारखेच्या आसपास येत असेल तर रस्त्याकडील खोली टाळावी. फटाक्यांच्या आवाजाने बिथरलेली कुत्री कळा थांबवून धरते किंवा पिल्ले तोंडात धरून घरभर जागा शोधत फिरते.

हाताशी कोणते सामान असावे?

धुतलेले पंचे किंवा टॉवेल किमान दहा, स्वच्छ कात्री, जाड सुती दोरा, टिंक्चर आयोडीन, नाक-तोंड साफ करण्याचा लहान रबरी फुगा, ताप पाहण्याचा थर्मामीटर, ग्रॅममध्ये वजन दाखवणारा स्वयंपाकघरातील काटा, गरम पाण्याच्या दोन पिशव्या, पिल्लांसाठीच्या दुधाच्या भुकटीचा एक डबा, आणि घड्याळाशेजारी एक वही व पेन. वही शेवटी लिहिली असली तरी ती सर्वांत आधी आणावी.

आज-उद्या विणार, हे कसे ओळखावे?

५७व्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ गुदद्वारातील तापमान पाहून वहीत लिहावे. नेहमी ते १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असते. ते ९९च्या खाली गेले, की साधारणपणे २४ तासांच्या आत कळा सुरू होतात. ही घसरण काही तासांचीच असते, म्हणून दिवसातून एकदाच पाहिले तर ती हुकते. त्याबरोबर कुत्री जेवण नाकारते, अंथरूण उकरते, धापा टाकते, थरथरते, मागे वळून पोटाकडे पाहते आणि एखादी उलटीही करते. हा टप्पा सहा ते बारा तासांचा आणि पहिलटकरणीत कधी २४ तासांहूनही अधिक असू शकतो. या काळात पाणी समोर ठेवावे, अंगणात नेताना पट्टा लावून आणि अंधार असेल तर दिवा घेऊन न्यावे, कारण शौचाच्या कळेसारख्या वाटणाऱ्या कळेत पिल्लू बाहेर पडू शकते. शेजाऱ्यांना पाहायला बोलावू नये.

प्रत्यक्ष विताना काय होते आणि आपण काय करायचे?

पोट आवळून कळा दिसू लागल्या की पिल्लू वाटेवर असते. आधी पाणमोट दिसते किंवा फुटते, त्यामागून पातळ पडद्याच्या पिशवीत गुंडाळलेले पिल्लू येते. आई तो पडदा दातांनी फाडते, नाळ तोडते आणि पिल्लाला इतक्या जोरात चाटते की पाहणाऱ्याला ते क्रूर वाटावे. त्या चाटण्यानेच पिल्लू श्वास घेऊ लागते. वार, म्हणजे नाळेने जोडलेला आणि पोटात पिल्लाला पोसणारा भाग, बहुधा पंधरा मिनिटांत पडते, कधी कधी दोन पिल्लांमागून दोन वारा एकदम येतात. प्रत्येक पिल्लाची वेळ, वजन, नर की मादी, आणि वार पडली की नाही, हे वहीत लिहावे.

आईने मिनिटभरात पडदा फाडला नाही, तरच हात पुढे करावा. पडदा नाकाजवळून बोटांनी फाडून मागे सारावा, तोंडातील चिकटा पुसावा आणि पिल्लाला पंच्याने पुसून आईपुढे ठेवावे. नाळ तोडावी लागलीच, तर पोटापासून सुमारे दोन सेंटिमीटरवर दोऱ्याने घट्ट बांधून गाठीच्या पलीकडे कापावी आणि टोकाला आयोडीन लावावे. नाळ पिल्लाच्या पोटाकडून कधीही ओढू नये, त्याने बेंबीचा हर्निया होऊ शकतो.

पुढच्या पिल्लाच्या कळा सुरू झाल्या की आधीची पिल्ले उबदार टोपलीत, आईच्या नजरेसमोर ठेवावीत, आणि कळ ओसरली की परत तिच्या सडांना लावावीत. पिल्ले दूध ओढू लागली की कळांनाही जोर येतो.

मागचे पाय आधी आले तर पिल्लू उलटे आहे असे समजावे का?

समजू नये. कुत्र्यांत दहापैकी सुमारे चार पिल्ले मागचे पाय पुढे करून येतात आणि ते नैसर्गिकच आहे. शेपटी आणि ढुंगण पुढे व पाय आत दुमडलेले, अशी स्थिती असेल तर मात्र अडचण होऊ शकते. अर्धे बाहेर येऊन अडकलेल्या पिल्लाला कळ चालू असतानाच, कोरड्या कापडाने धरून, खाली आईच्या पायांच्या दिशेने हलकेच आधार द्यावा. कळ नसताना ओढू नये, आणि एकट्या पायाला धरून तर मुळीच ओढू नये.

पिल्लू निपचित जन्मले तर?

चिंगी या आमच्या गावठी कुत्रीच्या दुसऱ्या वेतात, डिसेंबरात पहाटे सव्वातीनला, चौथे पिल्लू आले ते असेच. जीभ जांभळट, मान हातावरून लोंबणारी, अंग ओल्या बोळ्यासारखे. चिंगीने ते एकदा हुंगले आणि तोंड फिरवले. मी ते पंच्यात घेतले, डोके किंचित खाली धरून रबरी फुग्याने आधी तोंडातील आणि मग नाकातील पाणी ओढले, आणि पाठीवरून, बरगड्यांवरून, शेपटीकडून डोक्याकडे असे कोरड्या पंच्याने चोळत राहिलो. पंचा ओला झाला की दुसरा. बरगडीखाली बोट टेकवल्यावर फार सावकाश, पण ठोका लागत होता, म्हणून थांबलो नाही. अकराव्या मिनिटाला जबडा एकदा उघडला. मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा उघडला, आणि जिभेच्या टोकाला, मसुराच्या दाण्याएवढ्या जागी, गुलाबी रंग आला. तो मागे मागे पसरत गेला आणि वीस मिनिटांनी पिल्लू ओरडले, तेव्हा चिंगीने उठून ते माझ्या हातातून काढून घेतले.

तेव्हा हृदयाचा ठोका लागत असेल तर किमान वीस ते तीस मिनिटे चोळत राहावे आणि पिल्लू गार पडू देऊ नये. पिल्लाला पाय धरून झोके देण्याची जी रीत अजूनही सांगितली जाते, ती पूर्णपणे टाळावी. त्या झटक्याने नाजूक मेंदूला इजा होते, क्वचित पिल्लू हातातून निसटतेही.

वाट पाहणे थांबवून डॉक्टरांकडे केव्हा निघावे?

या पानावरील एकच उत्तर पाठ करायचे असेल तर ते हे करावे. अनेक कुत्र्या आणि त्याहून अधिक पिल्ले दगावतात ती ‘सकाळपर्यंत पाहू’ या वाक्यामुळे.

जोरदार, सलग कळा २० ते ३० मिनिटे चालू आहेत आणि पिल्लू आले नाही, तर निघावे. कळा मधूनमधून आणि दुबळ्या येत आहेत आणि दोन तासांत पिल्लू नाही, तरीही निघावे. पिल्लाचा भाग बाहेर दिसत असून दहा मिनिटांत ते सुटत नसेल, तर कापड लावून तसेच गाडीत बसावे. आत पिल्ले आहेत हे ठाऊक असताना दोन पिल्लांमध्ये दोन तासांहून अधिक वेळ गेला की डॉक्टरांना फोन करावा. काही कुत्र्या मध्येच शांत विसावा घेतात हे खरे आहे, परंतु तो विसावा चार तासांपलीकडे जाऊ देऊ नये.

हिरवट-काळ्या स्रावाबद्दल फार गोंधळ असतो. हा रंग वारेच्या कडांमधून येतो. पहिले पिल्लू जन्मल्यानंतर तो दिसणे अगदी स्वाभाविक आहे. परंतु पहिल्या पिल्लाच्या आधीच तो दिसला, तर कुठली तरी वार सुटलेली असून त्या पिल्लाचा प्राणवायू तुटू लागला आहे असे समजावे, आणि लगेच पिल्लू आले नाही तर थांबू नये. याशिवाय न थांबणारे ताजे रक्त, दुर्गंधीयुक्त स्राव, तापमान घसरून २४ तास झाले तरी कळा नसणे, ६८ दिवस उलटणे, किंवा कुत्री मलूल होऊन प्रतिसाद न देणे, यांपैकी काहीही पुरेसे कारण आहे.

निघताना जन्मलेली पिल्ले गरम पिशवीसह टोपलीत सोबत घ्यावीत, वही घ्यावी आणि दोन पंचे मांडीवर ठेवावेत, कारण गाडीच्या हादऱ्यांनी अडलेले पिल्लू वाटेतच येऊ शकते.

कळांचे इंजेक्शन घरीच दिले तर चालेल का?

चालणार नाही. गाई-म्हशींसाठी ऑक्सिटोसिन वापरलेले पाहिल्यामुळे कोणीतरी ते सुचवतेच. पिल्लू आडवे किंवा वाटेपेक्षा मोठे असेल तर त्या औषधाने आवळणारे गर्भाशय फाटू शकते, आणि वार वेळेआधी सुटून आतली पिल्ले मरू शकतात. वाट मोकळी आहे का, हे तपासणारा पशुवैद्यच ते मोजून देऊ शकतो.

कुत्रीने वार खाल्ली तर?

एक-दोन खाऊ द्याव्यात. सगळ्या खाल्ल्यास उलटी-जुलाब होतात, म्हणून उरलेल्या हळूच उचलाव्यात.

आपला हात लागला तर आई पिल्लांना टाकते का?

ज्या घरातील माणसांवर कुत्रीचा विश्वास आहे, त्यांच्या हाताने असे होत नाही. पहिलटकरीण कुत्री पिल्लांना नाकारते किंवा इजा करते ती बहुधा गोंधळ, अनोळखी माणसे, वेदना किंवा आजार यांमुळे. मात्र आई एखाद्याच पिल्लाला पुन्हा पुन्हा दूर सारत असेल, तर ते पिल्लू गार पडले आहे का हे आधी पाहावे.

पिल्लांना किती ऊब लागते?

आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच जास्त. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या शरीराचे तापमान ९५ ते ९७ अंश फॅरनहाइटच असते आणि त्याला कुडकुडताही येत नाही, त्यामुळे थंडी वाजत असल्याचे चिन्ह ते दाखवत नाही, केवळ गार आणि गप्प होत जाते. पिल्लांच्या जागी पहिल्या आठवड्यात २९ ते ३२ अंश सेल्सिअस ठेवावे आणि पुढे आठवड्यागणिक थोडे उतरवावे. खोक्याच्या एकाच कोपऱ्यावर दिवा किंवा कापडात गुंडाळलेली गरम पिशवी ठेवावी, म्हणजे उकडू लागल्यास पिल्लांना सरकता येईल. एकमेकांवर रचून पडलेली आणि कुरकुरणारी पिल्ले गारठलेली असतात. दूर दूर पसरून धापा टाकणारी पिल्ले उकडलेली असतात. शेजारी शेजारी पडून झोपेत मधूनच झटके देणारी पिल्ले सुखात असतात. रात्री वीज जाण्याचा भरवसा नसलेल्या गावात थर्मासमध्ये गरम पाणी भरून ठेवावे.

गार पडलेल्या पिल्लाला कधीही दूध पाजू नये. थंड शरीरात आतडी चालत नाहीत, दूध पोटात तसेच राहते किंवा छातीत उतरते. आधी ते शर्टाच्या आत, छातीशी धरून तासाभरात हळूहळू ऊबेला आणावे, आणि मगच पाजावे.

पिल्लांची वाढ ठीक चालली आहे, हे कशावरून समजावे?

वजनावरून, आणि केवळ वजनावरून. जन्मवजन लहान जातींत १०० ते २०० ग्रॅम आणि मोठ्या जातींत ४०० ते ५०० ग्रॅमपर्यंत असते. गावठी कुत्र्यांची पिल्ले मधोमध, २०० ते ३०० ग्रॅमच्या आसपास भरतात. पहिल्या २४ तासांत किंचित घट चालते, परंतु ती दहा टक्क्यांच्या वर नसावी. त्यानंतर रोज पाच ते दहा टक्के वाढ होऊन सात ते दहा दिवसांत वजन दुप्पट व्हायला हवे. काट्यावर स्टीलची वाटी, वाटीत फडके, आणि रोज एकाच वेळी वजन, एवढाच हा विधी आहे. सारख्या दिसणाऱ्या पिल्लांच्या गळ्यात दोरा बांधू नये. नखावर नेलपॉलिशचा ठिपका पुरतो. ज्या पिल्लाचा आकडा कालच्याइतकाच आहे, ते आज कितीही गोंडस दिसले तरी आजच त्याच्याकडे लक्ष द्यावे. मरगळ दिसू लागते त्याच्या एक दिवस आधी काटा ते सांगून जातो.

आईला दूध कमी आहे किंवा आई दगावली. गाईचे दूध चालेल का?

पहिल्या १२ तासांत मिळणारा चीक सर्वांत मोलाचा असतो, कारण रोगप्रतिकारक घटक आतड्यांतून रक्तात जाण्याची वाट दिवसभरात बंद होते. म्हणून दुबळ्या पिल्लाला हाताने धरून चांगल्या भरलेल्या मागच्या सडांना लावावे. पाजण्यापूर्वी तोंडातील टाळू पाहून घ्यावी. फाटलेली असेल तर दूध नाकावाटे येते.

कुत्रीच्या दुधात प्रथिने आणि स्निग्धांश गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक आणि दुधातील साखर कमी असते. गाईचे दूध पाणी घालून पाजले, की पिल्लू पोट भरल्यासारखे दिसते पण वाढत नाही, आणि जुलाबाने कोरडे पडते. पिल्लांसाठीची दूधभुकटी हाच योग्य मार्ग आहे. रात्री दुकान बंद असेल, तर एक कप उकळून कोमट केलेले सायीसकट दूध, तीन-चार अंड्यांचे पिवळे बलक आणि चमचाभर खाद्यतेल एकत्र फेटून तेवढी रात्र काढावी.

लहान पिल्लाच्या पोटात दर १०० ग्रॅम वजनामागे एका वेळी सुमारे ४ मिलिलिटरच मावते, म्हणून पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी पाजावे लागते, रात्रीही. पिल्लाला पालथे, आईखाली पिताना असते तसे धरावे. माणसाच्या बाळासारखे उताणे धरून पाजले तर दूध फुप्फुसात जाते, आणि हाती वाढवलेली पिल्ले दगावण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. सिरिंज दाबून दूध ढकलू नये, पिल्लाला ओढू द्यावे.

पाजून झाल्यावर कोमट पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा पोटाखालून आणि शेपटीखालून हलके फिरवावा. तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला आपणहून शी-शू करता येत नाही, आई चाटून ती करवते. हे न केल्यास दूध पचूनही पिल्लू फुगते.

व्यायलेली कुत्री एकाएकी थरथरू लागली तर?

हा दुग्धज्वर, म्हणजे रक्तातील कॅल्शियम एकाएकी घसरल्याने होणारा आजार असू शकतो, आणि ती तातडीची वेळ आहे. लहान चणीच्या, अनेक पिल्ले पाजणाऱ्या कुत्र्यांत, विशेषतः पॉमेरेनियनसारख्या जातींत, व्यायल्यानंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत तो अधिक दिसतो. आधी अस्वस्थपणा आणि धापा, मग ताठर चाल, थरथर, ताप आणि अखेर झटके. काही तासांत जीव जाऊ शकतो. पिल्ले लगेच दूर करावीत आणि कुत्रीला डॉक्टरांकडे न्यावे. तेथे शिरेतून कॅल्शियम अत्यंत सावकाश, हृदयाचे ठोके पाहत दिले जाते, आणि तासाभरापूर्वी तडफडणारी कुत्री बहुधा स्वतःच्या पायांनी बाहेर येते.

व्यायल्यावर स्राव किती दिवस चालतो? सड कडक झाले तर?

सुरुवातीस हिरवट, पुढे तांबूस-तपकिरी स्राव कमी होत जात तीन ते सहा आठवडे चालू शकतो. त्याला दुर्गंध आला, पू दिसला किंवा कुत्रीला ताप येऊन ती पिल्लांकडे दुर्लक्ष करू लागली, तर गर्भाशयाचा संसर्ग असू शकतो. सड रोज हाताने चाचपावेत. एखादा गरम, कडक, जांभळट झाला असेल तर दगडी, म्हणजे सडाचा दाह, झाली आहे असे समजून उपचार सुरू करावेत. दूध पाजण्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कुत्रीला नेहमीच्या दुप्पट ते चौपट अन्न लागते, आणि पाण्याचे भांडे कधीही रिकामे राहू नये.

डोळे केव्हा उघडतात? जंताचे औषध आणि लस केव्हा?

डोळे १० ते १४ दिवसांनी आपोआप उघडतात. ओढून उघडू नयेत. बंद पापणीखाली फुगवटा किंवा पू दिसल्यास मात्र दाखवावे. पाठोपाठ कान उघडतात, तिसऱ्या आठवड्यात दात येतात आणि पाय धरतात. साडेतीन-चार आठवड्यांपासून कोमट पाण्यात भिजवून मऊ केलेले पिल्लांचे खाद्य किंवा दुधाच्या भुकटीत कालवलेला मऊ लगदा पसरट ताटलीत द्यावा.

गोल जंत आईच्या पोटातूनच आणि दुधातूनही पिल्लांत येतात, म्हणून जंताचे औषध वजनानुसार दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्यात, आईलाही सोबत द्यावे. हे जंत लहान मुलांनाही बाधतात. पार्व्हो आणि डिस्टेंपर या विषाणूजन्य रोगांविरुद्धची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून १६ आठवड्यांपर्यंत ठरावीक अंतराने पूर्ण करावी. रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर. लशी पूर्ण होईपर्यंत पिल्ले रस्त्यावरच्या मातीत सोडू नयेत. पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो.

भटकी कुत्री दारात व्यायली आहे. काय करावे?

पिल्ले उचलून घरात आणू नयेत. आई खाणे शोधायला गेलेली असते. ओढणारा वारा आणि दव अडेल असा आडोसा, खाली कोरडे पोते नव्हे तर पुठ्ठा आणि सुती कापड, आणि आईसाठी दिवसातून दोनदा पोटभर अन्न व पाणी, एवढ्याने बहुतेक वेत जगते. आई चोवीस तास फिरकली नाही किंवा पिल्ले गार लागली, तर थांबू नये. पिल्लांचे दूध तुटले की महानगरपालिका किंवा नगरपालिकेच्या नसबंदी मोहिमेसाठी आईचे नाव द्यावे, कारण ती साधारण सहा महिन्यांत पुन्हा माजावर येते.

पिल्ले नव्या घरी केव्हा द्यावीत?

आठ आठवड्यांपूर्वी नाही. २०१७च्या श्वान प्रजनन व विपणन नियमांनुसार त्याआधी पिल्लांची विक्री करता येत नाही, परंतु नियम नसता तरी ही मुदत पाळावी. तिसऱ्या आठवड्यापासून पुढे पिल्लू भावंडांशी झटापट करताना किती जोराने चावायचे हे शिकते, आणि पाच आठवड्यांत उचललेली पिल्ले ते पुढे माणसांच्या हातांवर शिकतात. या काळात त्यांना मिक्सरचा आवाज, कुकरची शिट्टी, पावलांचा वावर आणि वेगवेगळ्या वयांची माणसे यांची ओळख होऊ द्यावी. देताना पिल्लाबरोबर जंताच्या औषधाच्या व लशीच्या तारखा लिहिलेला कागद, चार दिवस पुरेल इतके तेच खाद्य, आणि आईच्या अंथरुणातील न धुतलेला एक तुकडा द्यावा. पहिल्या रात्री तो तुकडा त्याच्या टोपलीत, नाकाजवळ ठेवायला सांगावे.